काळा पाव

युरोपच्या उत्तरेकडील आणि पूर्वेकडील देशांत रोजच्या अन्नाचा रंग काळा आहे. बर्लिन, वॉर्सा, हेलसिंकी, मॉस्को ह्यांपैकी कोणत्याही शहरातील पाववाल्याच्या दुकानात शिरले, तर पांढऱ्या मऊ पावांच्या शेजारी गडद तपकिरी, जवळजवळ ओल्या मातीच्या रंगाचे, हाताला वजनदार लागणारे पाव ओळीने मांडलेले दिसतात. त्यांवर सुरी चालवली की प्रथम आंबूस वास येतो, आणि त्याच्या मागोमाग मराठी गृहिणीला आपल्या मसाल्याच्या डब्याची आठवण व्हावी असा दुसरा वास दरवळतो. तो असतो शहाजिऱ्याचा, धन्यांचा किंवा बडीशेपेचा. हे मसाले पावात कसे गेले, हा पाव काळा का, आंबट का, आणि ज्याला शतकानुशतके गरिबाचे अन्न म्हणून हिणवले गेले त्याला आज एवढा मान का, ह्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

हा पाव ज्या धान्याचा करतात त्याचे नाव राय. आपल्या फोडणीतल्या राईशी त्याचा काही संबंध नाही. राय हे गव्हाच्याच कुळातले तृणधान्य आहे. दाणा गव्हापेक्षा लांबट व सडपातळ, रंगाने करडा-हिरवट. गव्हाला कसदार जमीन लागते आणि फार कडक थंडी त्याला सोसत नाही. राय मात्र रेताड, आंबट, निकस जमिनीत उगवते, बर्फाखाली महिनोन् महिने दबून राहते आणि वसंत येताच पुन्हा मान वर काढते. कोकणच्या वरकस जमिनीत नाचणीला जे स्थान, देशावरच्या कोरडवाहू शेतात बाजरीला जे स्थान, तेच उत्तर युरोपात रायला आहे. जिथे दुसरे काही येत नाही तिथे जे येते, ते गरिबाचे धान्य होते.

रायचा जन्मही गरिबीचाच म्हणावा लागेल. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव ह्यांनी १९१७ साली असे प्रतिपादन केले की, मनुष्याने राय मुळात मुद्दाम पेरलीच नाही. पश्चिम आशियातील गव्हा-जवाच्या शेतांत ती तण म्हणून उगवत असे. शेतकरी ती उपटून टाकी, तरी तिचे दाणे गव्हात मिसळून पुढच्या पेरणीला जातच. पिढ्यान् पिढ्या निवडीतून सुटता सुटता ह्या तणाचा दाणा गव्हासारखाच टपोरा झाला, आणि पिकल्यावर झडून न जाता कणसातच टिकू लागला. पुढे मनुष्य गव्हाचे बियाणे घेऊन डोंगराळ व थंड प्रदेशांत सरकला, तेव्हा गहू थंडीने खचला आणि तण तेवढे उभे राहिले. उपाशी माणसाने मग तणालाच पीक म्हटले. आगंतुक पाहुण्याने शेवटी घर सांभाळावे, तसाच हा प्रकार झाला.

रायचे पीठ मळायला बसले की त्याचा स्वभाव गव्हाहून किती निराळा आहे ते कळते. गव्हाच्या कणकेत पाणी घालून तिंबले की तिच्यातील प्रथिनांचे लवचिक जाळे तयार होते. त्यालाच ग्लूटेन म्हणतात. खमिरातून निघणारा वायू ह्या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. रायच्या पिठात असे जाळे नीट बनत नाही. त्याऐवजी पाणी शोषून बुळबुळीत होणारा एक डिंकासारखा पदार्थ त्यात भरपूर असतो, आणि वायू थोडाफार धरून ठेवण्याचे काम तोच करतो. म्हणून रायचा गोळा तिंबून ताणण्यात अर्थ नसतो. तो हाताला चिखलासारखा चिकटतो आणि ओल्या हाताने थापूनच त्याला आकार द्यावा लागतो. भाकरी थापणाऱ्या हातांना हे सांगायला नको. ज्वारीच्या पिठातही चिकाटी नसते. म्हणून पीठ जुने झाले की आधण ठेवून उकड काढावी लागते. धान्य बदलले तरी अडचण तीच, आणि अडचणीतून निघालेली वाटही पुष्कळ अंशी तीच, हे पुढे दिसेल.

आता आंबटपणाविषयी. काळ्या पावाचे खरे जीवन त्याच्या विरजणात आहे. पीठ आणि पाणी कालवून उबदार जागी ठेवले की दोन-चार दिवसांत ते आपोआप फसफसू लागते. पिठावर मुळातच असलेली सूक्ष्म खमिरे आणि दह्यातल्या जीवाणूंचे भाऊबंद त्यात वाढतात. खमिरे वायू निर्माण करतात, जीवाणू आम्ल निर्माण करतात, आणि दोघे एकमेकांना सांभाळून नांदतात. ह्या आंबवणाचा थोडा भाग दर खेपेस मागे ठेवायचा आणि पुढच्या पावाला लावायचा. शेजारणीकडून वाटीभर दही विरजणासाठी मागून आणावे, तसे युरोपातील खेड्यांत हे आंबवण घरोघर मागितले जाई. पीठ मळण्याची लाकडी परात कित्येक ठिकाणी घासून धूतच नसत. तिच्या फटींत राहिलेले पीठ हेच पुढच्या वेळचे विरजण ठरे. हे सगळे सूक्ष्म जीवांचे काम आहे, हे लुई पाश्चर ह्यांनी १८५७ पासूनच्या संशोधनाने दाखवले. त्यापूर्वी हजारो वर्षे बायका ते काम करवून घेत होत्या.

परंतु रायच्या पावात आंबटपणा केवळ रुचीसाठी नसतो. त्याच्याशिवाय पाव होतच नाही. रायच्या दाण्यात पिष्टाची साखर करणारे एक विकर मोठ्या तडफेने काम करते. भट्टीत पाव तापू लागला की रायचे पिष्ट गव्हाच्या पिष्टापेक्षा कमी उष्णतेतच फुलते, आणि त्या वेळी हे विकर अजून जिवंत असते. ते फुललेल्या पिष्टावर तुटून पडते. परिणामी पाव वरून भाजलेला आणि आतून खळीसारखा चिकट राहतो. पिठात आम्ल पुरेसे असेल तर ह्या विकराचा जोर मोडतो आणि पाव सुटा, कापता येईल असा होतो. विकराचे नावही ठाऊक नसलेल्या शेतकरणीने आंबट पिठाचाच पाव नीट होतो एवढे अनुभवाने हेरले होते. आम्लाचा आणखी एक उपकार आहे. कोंड्यातील फायटिक आम्ल लोह, जस्त इत्यादी खनिजांना जखडून ठेवते. पीठ आंबले की ही पकड बरीच सैल होते, आणि तीच खनिजे शरीराला अधिक मिळतात. नाचणीची आंबील करणाऱ्यांनीही हाच लाभ न बोलता पदरात पाडून घेतला आहे.

रशियात बोरोदिन्स्की नावाचा एक पाव प्रसिद्ध आहे. त्याची कृती पाहिली तर मराठी उकडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. रायच्या पिठाचा काही भाग, मोड आणून वाळवलेल्या धान्याचे पीठ आणि भरडलेले धने एकत्र करून त्यांवर उकळते पाणी ओततात, आणि ती उकड काही तास गरम राहू देतात. येथे मघाच्याच विकराला मुद्दाम मोकळे सोडलेले असते. ते पिष्टाची साखर करते आणि उकड गोड होते. मग ही गोड उकड आंबट पिठात मिसळतात, वर काकवीसारखा पाक घालतात, आणि भट्टीत जाण्यापूर्वी पावाच्या पाठीवर अख्खे धने पेरतात. आंबट, गोड आणि सुगंधी अशी तिहेरी चव त्यातून तयार होते. १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत पडलेल्या एका सेनानीच्या विधवेने तेथे मठ स्थापन केला, ही गोष्ट इतिहासातली आहे. त्या मठातील जोगिणींनी हा पाव प्रथम केला, ही मात्र दंतकथा समजली जाते. आजची प्रमाण कृती विसाव्या शतकात, सोव्हिएत काळात ठरली.

धन्यांचा मान रशियात, तर शहाजिऱ्याचा जर्मनीत, ऑस्ट्रियात आणि पोलंडात. जर्मन लोक शहाजिरे, बडीशेप, धने आणि अनीस अशा चार बियांचा एक ठरीव पावमसालाच करून ठेवतात. स्वीडनमध्ये लिंपा नावाच्या पावात शहाजिरे, बडीशेप, अनीस ह्यांच्याबरोबर नारिंगाची सालही घालतात. आल्प्स पर्वतातील दक्षिण टिरोलच्या पावात मेथीच्याच जातीची, निळ्या फुलांची एक वनस्पती वाळवून घालतात. मेथी आणि नारिंग सोडले तर ही सगळी मंडळी एकाच कुळातली आहेत. शहाजिरे, जिरे, धने, बडीशेप, ओवा, शेपा आणि शिवाय गाजर! सर्वांचा फुलोरा उघडलेल्या छत्रीसारखा. स्वयंपाकात ज्याला बी म्हणतात ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बी नसून दोन फाकांत दुभंगणारे फळ असते. आपल्या बाजारात शहाजिरे ह्या एकाच नावाने दोन वस्तू विकल्या जातात, ही गोष्टही ध्यानात ठेवलेली बरी. हिमालयातील बारीक काळसर दाणा निराळा आणि युरोपातील किंचित वाकडा, तपकिरी, कडांवर फिकट रेषा असलेला दाणा निराळा. पावातला हा दुसरा. त्याला विलायती जिरे असेही म्हणतात.

ह्या विलायती जिऱ्याच्या सुगंधाचे नाव कार्व्होन. निसर्गाचा एक गमतीचा खेळ येथे पाहायला मिळतो. पुदिन्याच्या एका जातीतही कार्व्होनच असते, पण त्याचा रेणू आरशातील प्रतिमेसारखा उलटा असतो. डाव्या आणि उजव्या हातात जेवढा फरक, तेवढाच काय तो ह्या दोन रेणूंत. तरीही मनुष्याचे नाक एकाला शहाजिरे म्हणून ओळखते आणि दुसऱ्याला पुदिना म्हणून. पावात हे मसाले घालण्याची कारणे अनेक आहेत. आंबट व कडवट चवीला ते साथ देतात. कोंड्याचा जड पाव खाल्ल्यावर पोटात धरणारा वायू ते सारतात, अशी लोकांची जुनी समजूत आहे. जेवणानंतर बडीशेप चघळणाऱ्या देशात ती पटवून द्यावी लागत नाही. बुरशीला आळा घालण्याचा गुणही शहाजिऱ्याच्या तेलात आहे. साठवणीतील बटाट्यांना मोड येऊ नयेत म्हणून कार्व्होनचा उपयोग केला गेला आहे.

पाव टिकणे ही पूर्वी चैनीची बाब नव्हती. सरपण महाग आणि भट्टी तापवणे हा दिवसभराचा खटाटोप. त्यामुळे दक्षिण टिरोलच्या डोंगराळ वाड्यांत वर्षातून दोन-तीनदाच पाव भाजीत, आणि ते फळ्यांवर उभे मांडून वाळवीत. पश्चिम फिनलंडमध्ये मधोमध भोक पाडलेले चपटे पाव आढ्याखालच्या काठीत ओवून महिनोन् महिने टांगून ठेवीत. एवढा वाळलेला पाव पुढे हाताने मोडत नसे. तो फोडावा लागे आणि दुधात किंवा कढणात भिजवून खावा लागे. आंबटपणा, मसाला आणि वाळवण ह्या तिन्हींच्या बळावर एका सुगीचे अन्न पुढच्या सुगीपर्यंत पोहोचत असे.

परंतु ह्या अन्नात कधीकधी मृत्यूही दडलेला असे. पावसाळी वर्षी रायच्या कणसात दाण्याच्या जागी काळी-जांभळी शिंगे दिसू लागत. ती अरगट नावाच्या बुरशीची असत. ती दाण्यांबरोबर दळली गेली की पावातून विष पोटात जाई. हातापायांत आग होई, बोटे काळी पडून झडत, कोणाला झटके येत. मध्ययुगात ह्या रोगाला संत अँथनीचा अग्नी म्हणत. अशा रोग्यांच्या शुश्रूषेसाठी अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एक धर्मसंघच स्थापन झाला. मथियास ग्रूनेवाल्ड ह्या चित्रकाराने १५१२ ते १५१६ च्या सुमारास रंगवलेले ईझनहाइमचे विख्यात वेदीचित्र अशाच एका मठासाठी होते. ते पाहून रोग्यांना धीर यावा असा हेतू होता. ज्या पावावर माणसे जगत होती त्यातच विष आहे, हे कळायला शतके लागली. १८५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ त्युलान ह्यांनी ह्या बुरशीचे जीवनचक्र उलगडले. महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही अरगट अपरिचित नाही, कारण बाजरीच्या कणसावर त्याचाच एक भाऊबंद पडतो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवायचे, तरंगून वर आलेले हलके व रोगट दाणे काढून टाकायचे, तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे, हा उपाय कृषी खाते सांगत आले आहे. धान्य निवडणे हे काम किती जोखमीचे आहे, हे ह्यावरून दिसावे.

काळ्या पावाची खरी हार मात्र रोगाने केली नाही, प्रतिष्ठेने केली. पांढरा पाव श्रीमंताचा, काळा पाव कुळाचा व मजुराचा, ही वाटणी युरोपात फार जुनी आहे. जात्याच्या पिठातून कोंडा चाळून काढणे कष्टाचे व नासाडीचे असल्यामुळे पांढरे पीठ थोड्यांनाच परवडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रुळांच्या गिरण्या निघाल्या. त्यांनी कोंडा आणि अंकुर अलगद बाजूला काढून पांढरा मैदा स्वस्त केला. जे सरदारांच्या ताटात होते ते कामगाराच्याही ताटात आले. लोकांना तो न्याय वाटला, आणि एका अर्थी तो न्याय होताही. परंतु जे बाजूला पडले त्यात दाण्याचे सत्त्व होते. शंभर ग्रॅम अख्ख्या रायच्या पिठात सुमारे पंधरा ग्रॅम तंतू असतात, गव्हाच्या मैद्यात तीनच्या आसपास. पूर्वेकडे तांदळाच्या बाबतीत हेच घडले. सडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो आणि कोंड्याने तो हटतो, हे जावा बेटात आइकमन ह्या डच वैद्याने गेल्या शतकाआधीच्या शेवटच्या दशकात पाहिले. त्यासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

कोंडा माणसाने खावा की जनावरांनी, हा प्रश्न डेन्मार्कपुढे १९१७ साली अगदी निकराने उभा राहिला. महायुद्धातील नाकेबंदीमुळे बाहेरून धान्य व पेंड येणे थांबले. देशात डुकरे व गाई अमाप होत्या आणि त्या माणसांच्याच अन्नाच्या वाटेकरी होत्या. मिकेल हिंदहेदे नावाच्या वैद्याने सल्ला दिला की, डुकरांची संख्या घटवा, दारूच्या भट्टीला जाणारे धान्य रोखा, आणि राय कोंड्यासकट दळून तिचा पाव माणसांना खाऊ घाला. सरकारने पुष्कळ अंशी तसे केले. भोवतालच्या देशांत उपासमार असताना डेन्मार्कमध्ये काळा पाव, जवाची पेज, बटाटे, भाजी आणि दूध सर्वांना मिळत राहिले. त्या टंचाईच्या वर्षात कोपनहेगनमधील मृत्यूंचे प्रमाण वाढण्याऐवजी उतरले, असे हिंदहेदे ह्यांनी १९२० मध्ये अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात मांडले. त्याचे सगळे श्रेय पावाला देता येणार नाही, कारण त्याच काळात मद्यपानही फार कमी झाले होते. तथापि कोंड्याच्या पावावर एक राष्ट्र उपासमारीतून सुखरूप बाहेर पडले, एवढे निर्विवाद आहे.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. ८ सप्टेंबर १९४१ रोजी त्या शहराला वेढा पडला आणि तो २७ जानेवारी १९४४ पर्यंत राहिला. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ ह्या कडाक्याच्या दिवसांत कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम आणि कारकून, आश्रित व मुले ह्यांना १२५ ग्रॅम पाव मिळे. १२५ ग्रॅम म्हणजे तळहातावर मावेल एवढा तुकडा. तोही निव्वळ धान्याचा नसे. रायच्या पिठात सरकीची पेंड आणि लाकडापासून काढलेला सेल्युलोज मिसळलेला असे. त्यात धने नव्हते की शहाजिरे नव्हते. त्याच शहरात वाविलोव ह्यांनी उभारलेली वनस्पतिसंशोधन संस्था होती, आणि जगभरातून गोळा केलेल्या बियाण्यांचे प्रचंड भांडार तिच्यात होते. गहू, तांदूळ, भुईमूग, राय, सारे काही भोवती भरलेले होते. संस्थेतील अभ्यासकांनी त्याला हात लावला नाही. पुढच्या पिढ्यांच्या पेरणीसाठी ते राखले आणि त्यांच्यापैकी कित्येक जण उपासाने मेले. तांदळाचे अभ्यासक दमित्री इवानोव हे तांदळाच्या हजारो पुड्या राखता राखता गेले. आणि वाविलोव? त्यांना १९४० च्या ऑगस्टमध्येच अटक झाली होती. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात, अन्नावाचून खंगून, त्यांचा अंत झाला. मानवजातीचे अन्न कोठून आले ह्याचा शोध ज्याने घेतला, त्याला अन्न मिळाले नाही. लेनिनग्राडच्या त्या पिढीतील माणसे पुढे आयुष्यभर पावाचा चुरा बोटाने टिपून खात. रशियन भाषेत आतिथ्याला जो शब्द आहे त्यात पाव आणि मीठ हे दोनच पदार्थ आहेत. खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्याचे मर्म उलगडून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि पावाची कला गोव्यात रुजली. तेथेही काळ्या-पांढऱ्याची तीच कथा थोडक्यात पाहायला मिळते. पांढऱ्या पावाच्या जोडीला गोव्यात पोय असते. कोंडा लावलेली, चपटी, आतून पोकळ, चावायला किंचित चिवट. लाकडाच्या भट्टीत ती भाजली जाते. पूर्वी माडाच्या सुरेने पीठ आंबवण्याची रीत होती. सुरेतील खमिरे आणि आम्ल ह्यांचा मिलाफ युरोपातील आंबट पिठासारखाच काम करी. पुढे तयार यीस्ट आले, काम झटपट झाले आणि ती चव विरळ झाली. पहाटे भोंगा वाजवीत दारोदार फिरणारा पोदेर हा गोव्याच्या सकाळीचा एक भागच आहे, परंतु रात्रभर भट्टीजवळ घाम गाळणारे हात प्रत्येक घरात पुढच्या पिढीला मिळतातच असे नाही.

राय आपल्या शेतात होत नाही. म्हणून हा पाव आपल्या घरी होणारच नाही असे मात्र नव्हे. धान्य निराळे असले तरी रीत उसनी घेता येते. रात्री शंभर ग्रॅम गव्हाची कणीक, शंभर मिलिलिटर पाणी, दोन मोठे चमचे आंबट ताक आणि चिमूटभर कोरडे यीस्ट कालवून झाकून ठेवावे. सकाळी त्याला जाळी पडलेली असते. दोन चहाचे चमचे शहाजिरे, एक चमचा धने आणि एक चमचा बडीशेप तव्यावर नुसती गरम करून जाडसर कुटावी. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठात हा मसाला व सुपारीएवढा गूळ घालून त्यावर शंभर मिलिलिटर उकळते पाणी ओतावे आणि उकड कोमट होऊ द्यावी. मग रात्रीचे आंबवण, ही उकड, साडेतीनशे ग्रॅम कणीक, दहा ग्रॅम मीठ, चहाचा एक चमचा यीस्ट आणि एक मोठा चमचा तेल एकत्र करून लागेल तसे, सुमारे दीडशे मिलिलिटर, पाणी घालीत पीठ मळावे. ते पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळ सैल असावे. हाताला चिकटते म्हणून वरून पीठ घालण्याचा मोह टाळावा. कोंडा सावकाश पाणी पितो, आणि जो गोळा आरंभी सैल वाटतो तोच पुढे बेताचा होतो. दहा मिनिटे तिंबून तास-दीड तास झाकून ठेवावे. दुपटीच्या जवळ फुगले की ओल्या हाताने लांबट आकार देऊन, किलोभराचा पाव मावेल अशा तेल लावलेल्या डब्यात घालावे, आणि आणखी चाळीस मिनिटे थांबावे. नंतर २२० अंश सेल्सिअसच्या तापलेल्या भट्टीत पंधरा मिनिटे आणि १९० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे भाजावे. पाव डब्यातून काढून बुडाशी टिचकी मारली असता पोकळ आवाज आला, म्हणजे तो झाला.

येथवर सगळे हाताचे काम. उरते ते धीराचे. गरम पाव लगेच कापला तर आतला गर सुरीला चिकटतो. तो जाळीवर ठेवून पूर्ण निवू द्यावा, शक्य तर दुसऱ्या दिवशी कापावा. रायचा पाव करणारे तर एक दिवस थांबल्याखेरीज त्याला सुरी लावीतच नाहीत. तेवढ्या अवधीत ओल सर्वत्र सारखी पसरते आणि मसाल्याचा वास पिठात मुरतो. पातळ काप करून त्याला लोणी लावावे, किंवा पिठल्याबरोबर, कांद्याबरोबर, भाजीच्या रश्श्याबरोबर खावा. ज्यांना ग्लूटेन सोसत नाही, त्यांनी मात्र गहू आणि राय दोन्ही वर्ज्य मानावे. त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी आहेच.

काळ्या पावाला आता प्रतिष्ठा आली आहे. मोठ्या शहरांत तो पांढऱ्या पावाच्या कितीतरी पट किमतीला विकला जातो. एके काळी तो नाइलाजाने खाणारे गरीब होते, आज तो निवडून खाणारे श्रीमंत आहेत. आणि प्रतिष्ठा आली की तिची नक्कलही येते. मैद्याला जळक्या साखरेचा रंग देऊन केलेला तपकिरी पाव हा कोंड्याचा पाव नव्हे. वेष्टनावरील घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे असेल तर रंगावर भुलू नये. खरा पाव हाताला जड लागतो, दाताला काम देतो आणि थोडा खाल्ला तरी पोटात उभा राहतो.

शेतातून उपटून टाकलेल्या एका तणाने अर्ध्या खंडाला हजारो वर्षे पोसले. टाकाऊ समजलेल्या कोंड्याने एका देशाला टंचाईतून तारले. पावाच्या तळहाताएवढ्या तुकड्याने वेढ्यातील माणसे जगवली. आपल्याकडची नाचणी, बाजरी, वरी आणि ज्वारी ह्यांनीही दुष्काळात असेच काम केले आहे, आणि सुबत्ता येताच त्यांनाही पाटावरून उठवले गेले आहे. धान्य गरिबाचे की श्रीमंताचे हे माणसे ठरवतात, दाण्याला त्याची खबर नसते. म्हणून ज्या घरात मूठभर भरड पीठ, वाटीभर आंबवण आणि चमचाभर शहाजिरे आहे, त्या घरात थोड्या कष्टांत आणि एका रात्रीच्या धीरात सकस अन्न तयार होऊ शकते. ते अन्न पानात टाकू नये, ही शिकवण आजीने दिली होती आणि लेनिनग्राडनेही दिली आहे.